गुडघ्याची सुई आणि फडातला खाडा

गाळप हंगाम संपला की बीड जिल्ह्यातील धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे पुन्हा भरतात. ऊसतोड कामगार परततात आणि सोबत दुखरे गुडघेही येतात. त्यात नवल नाही. नुसता जिना चढतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. इथे तर डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे असते. मोळी बांधताना उकिडवे बसणे वेगळेच.

हंगामात गुडघा दुखला तर फडात उपाय दोनच. एक म्हणजे दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, दुसरा म्हणजे सुई. एक दिवस जरी खाडा पडला तरी मुकादम तो उचलीच्या हिशेबात धरतो, त्यामुळे उद्या सकाळी उभे करील तेच औषध खरे वाटते. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, हे खोटे नाही. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी असे दोन वर्षे स्टेरॉइड आणि उरलेल्यांना मिठाचे पाणी टोचले. वेदनेत फरक दिसला नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा मात्र जास्त झिजली. रोजच्या गोळ्यांचा भार जठरावर आणि मूत्रपिंडावर पडतो. उन्हात, कमी पाणी पिऊन राबणाऱ्या शरीराला तो अधिकच जड जातो. त्यापेक्षा दुखऱ्या जागी लावायचे डायक्लोफिनॅकचे मलम सुरक्षित.

शहरांत सध्या रक्तातील प्लेटलेट काढून गुडघ्यात टोचण्याच्या ‘पीआरपी’ची चलती आहे. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत ती मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाही. झिजलेल्या गुडघ्यातील गादीच्या फाटीवर दुर्बिणीने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचेही तेच. फिनलंडमध्ये १४६ जणांपैकी काहींवर शस्त्रक्रियेचे नुसते नाटक केले गेले. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच होते.

उरतो तो व्यायाम. २०२० मध्ये अमेरिकेत १५६ रुग्णांची तुलना झाली, तेव्हा वर्षअखेरीस इंजेक्शनवाल्यांपेक्षा फिजिओथेरपीवाल्यांची स्थिती चांगली होती. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा धक्का तो झेलतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे, याला यंत्र लागत नाही. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, शौचासाठी मधोमध भोक पाडलेली खुर्ची, वजन जास्त असेल तर ते उतरवणे, हेही उपचारच. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या कार्यक्रमात सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात. पाडवा ते दिवाळी हा काळ त्याला पुरून उरतो. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. असा वर्ग गावात भरवायला पैशापेक्षा कुणीतरी मनावर घेण्याची गरज जास्त आहे.

या जिल्ह्याला शस्त्रक्रियेची सोपी वाट चांगली ठाऊक आहे. २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे दिसले. पाळीत खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. गुडघ्याचे तसे होऊ नये.

अर्थात सांधा पुरता झिजला, रात्रीची झोप उडाली आणि महिनोन्महिने व्यायाम करूनही फरक पडला नाही, तर सांधेबदल टाळण्यात शहाणपण नाही. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो काहीसा आवाक्यात आला आहे. मार लागून गुडघा अडकला, एकाएकी सुजला किंवा सुजेसोबत ताप आला, तर मात्र व्यायामाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

डॉक्टर आणखी एक सल्ला देतात, मोळी लहान बांधा. तो फडात चालत नाही. मजुरी टनावर मिळते. मोळी लहान केली की फळीवरच्या फेऱ्या वाढतात आणि ट्रक भरायला रात्र होते.