वाचक टॅब्लेट का घेतो?

डोळे अधू झाले म्हणून वर्तमानपत्र वाचणे सोडलेले एखादे वडीलधारे माणूस आपल्या मॉरिशसमधील अनेक मराठी घरांत आढळेल. त्याच घरात नातवंडांच्या हाती टॅब्लेट असतो. कागदावर वाचत आलेला वाचक हे यंत्र कशामुळे स्वीकारील, याचा विचार आपणही केला पाहिजे. अमेरिकेतील दोन अनुभव या बाबतीत बोलके आहेत.

आयपॅड 2010 साली बाजारात आला. दुसऱ्याच वर्षी रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने केवळ आयपॅडसाठी ‘द डेली’ हे दैनिक मोठ्या थाटात काढले. डिसेंबर 2012 मध्ये ते बंद पडले. नव्या यंत्राचे आकर्षण त्याला तारू शकले नाही.

‘आर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट’ या जुन्या दैनिकाने 2018 साली ब्लिथव्हिल गावापासून निराळी वाट धरली. दूरच्या गावी रोज अंक पोहोचविणे परवडेना, तेव्हा प्रकाशक वॉल्टर हसमन यांनी वर्गणीदारांना वर्गणी चालू असेपर्यंत वापरण्यास आयपॅड दिला. वर्गणी तीच ठेवली व रविवारचा अंक कागदावरच राहू दिला. पडद्यावर छापील अंकाचीच पाने त्याच क्रमाने दिसत आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येई. शिवाय यंत्र कसे चालवावे हे वाचकांना समक्ष बसवून शिकविले. बहुतेक वर्गणीदार टिकले.

आमच्या मते यातील मर्म असे, की वाचकाला त्याचे नेहमीचे वर्तमानपत्र हवे असते. त्याची सवय राखली, अडचण दूर केली आणि हात धरून शिकविले, तर पिकल्या केसांचा माणूसही नवे यंत्र आपलेसे करतो.

आयपॅड वाटण्याचे सामर्थ्य आमच्यापाशी नाही. परंतु नातवंडांचा अर्धा तास प्रत्येक घराला परवडतो. येत्या रविवारी त्यांनी आजीजवळ बसावे, पडद्यावर एखादा मराठी मजकूर उघडावा व अक्षर मोठे करून द्यावे. आजीने तो मोठ्याने वाचावा. तिला सुटलेले वाचन परत मिळेल आणि शाळेत शिकलेली देवनागरी मुलांच्या ओठांवर येईल. जिथे टॅब्लेट नाही, तिथे कागद आहेच. मात्र तिथेही शेजारी बसणारे कोणीतरी हवे.

वाचक उरले, तरच बेटावरची मराठी उरेल. वाचकहो, सुरुवात आपल्याच घरापासून करू या.