फुकटच्या खेळाला पैसे का लागतात?

गेल्या खरिपात पेरणीच्या तोंडावर आष्टी तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनची उगवण तपासण्याचे प्रात्यक्षिक होते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली, मंडळी पांगली. सत्तरीच्या पुढचे एक आबा मात्र मागे रेंगाळले. खिशातून मोबाईल काढून म्हणाले, "सायब, जरा बघा बरं. बियाण्याला पैसे ठिवले होते. बँकेतला माणूस म्हणतो तुम्हीच काढले. म्या तर हातबी लावला न्हाई."

मोबाईल पाहिला. कुणी चोरटा नव्हता, फसवणुकीचा फोनही आलेला नव्हता. पौषापासून फाल्गुनापर्यंत कधी ऐंशी, कधी दीडशे, एकदा चारशे असे पैसे कटत गेलेले, आणि प्रत्येकाखाली एका खेळाचे नाव. सगळी बेरीज सहा हजारांच्या वर गेली. आबांच्या खात्यावर पीएम किसान आणि नमो शेतकरी, दोन्हीचे हप्ते येतात. ते हप्ते आणि वर थोडे कापसाचे होते, ते असे गेले. बँकेचे संदेश आले होते, पण इंग्रजीतून. ते वाचून दाखवणारा घरात एकच, तो म्हणजे नातू. आणि खेळणाराही तोच.

पोरगं नववीत. आई-बाप दसरा झाला की कारखान्याला जातात ते पाडव्याच्या आसपास परततात. बापाने त्याला आधीच दोन ठेवून दिल्या होत्या, त्यामुळे ते खाली मान घालून उभे होते. मी विचारले, "अरे, हा खेळ तर फुकट आहे ना? मग पैसे कशाचे?"

"कपड्याचे, सर."

"कुणाच्या कपड्याचे?"

"माझ्या माणसाच्या. खेळातल्या."

"ते कपडे घातले की गोळी जास्त लागते का? की तो मरत नाही?"

"न्हाई सर. तसं काई न्हाई. पण साधा माणूस ठिवला की पोरं टोळीत घेत न्हाईत. भिकारी म्हणतात."

मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण हे पोर जे म्हणाले ते आपल्याला चांगले कळते. पोळ्याला आपण बैलाला झूल घालतो, शिंगांना रंग आणि बेगड लावतो, गळ्यात घुंगरमाळ बांधतो. झूल घातलेला बैल दुसऱ्या दिवशी एक तास जास्त चालतो काय? नाही. ज्याचे कर्ज थकले आहे तोही उसनवारी करून झूल आणतो, कारण वेशीत सगळे गाव उभे असते. लग्नात आहेर भोंग्यावरून पुकारतात, तेव्हा एकशे एकचे पाचशे एक होतात तेही याच कारणाने. तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर जास्त सांगायला नको. तेव्हा 'आजकालची पोरं बिघडली' एवढे बोलून हा विषय मिटत नाही. माणूस चारचौघांत उठून दिसायला पैसे मोजतो. फरक इतकाच की आबांच्या नातवाची वेस मोबाईलमध्ये आहे आणि तिथे पोळा रोज असतो.

हा धंदा नेमका कसा चालतो ते एकदा नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे बहुतेकांचा समज असा की खेळ फुकट आहे म्हणजे कंपनी जाहिरातीवर जगत असेल. जाहिरातीवरही जगते, पण अनेक मोठ्या खेळांची खरी कमाई खेळाच्या आतल्या दुकानातून होते. पद्धत जुनी आहे. साधारण २००० सालच्या सुमारास दक्षिण कोरियातल्या कंपन्यांनी खेळ फुकट ठेवून आतल्या वस्तू विकायला सुरुवात केली. पुढे ती जगभर पसरली. आपल्या खेड्यापाड्यांत ती पोचली ते २०१६ नंतर. त्याच वर्षी स्वस्त डेटा आला, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि मग हलक्या मोबाईलवरही पळणारे फ्री फायरसारखे खेळ आले. सिंगापूरच्या कंपनीचा हा खेळ. पन्नास जण एका बेटावर उतरतात, दहा-पंधरा मिनिटांत एकच उरतो. उतरायला पैसा लागत नाही.

खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य पोरे कधीच दमडी देत नाहीत. मग कंपनी त्यांना सांभाळते कशाला? मी यावर बराच विचार केला. ती पोरे म्हणजे पोळ्याला जमलेली गर्दी. गर्दीच नसेल तर झूल कोण घेईल? फुकट खेळणारे हजार असतात म्हणून पैसे देणारे थोडे मिळतात, आणि त्या थोड्यांतलेही अगदी मोजके जण हजारो रुपये ओततात. सगळा डोलारा त्या मोजक्यांवर उभा असतो. आपले पोर कोणत्या रांगेत आहे हे आपल्याला आधी कळत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता आतले दुकान. तिथे रुपया चालत नाही, हिरे नाहीतर नाणी चालतात. आधी रुपयांचे हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांची वस्तू. मधे हे हिरे आले की आपण किती रुपये मोडले याचा हिशेब पुसट होतो. शिवाय हिऱ्यांची पुडकी आणि वस्तूंची किंमत जुळत नाही. आपल्याला कपाशीची दीड पिशवी लागते आणि दुकानदार अर्धी देत नाही, तसे. उरलेल्या हिऱ्यांत काहीच येत नाही, मग ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यायचे.

पहिली खरेदी मुद्दाम स्वस्त ठेवलेली असते. एकदा हात सैल झाला की पुढचे सोपे जाते. पहिली पुडी फुकट देणारा तंबाखूवाला हे ज्ञान शाळेत शिकला नव्हता. मग 'आजच्या दिवसच', 'तीन तास उरले' अशी घड्याळे लावलेली असतात. जत्रेत चक्री फिरवून वस्तू लावतात तशी चक्रे असतात: हिरे टाका, चक्र फिरवा, निघेल ते तुमचे. हवा तो कोट निघेपर्यंत पोर फिरवतच राहते. या बंद पेटीच्या प्रकाराला बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरवले.

आणि महिन्याचा पास. यात एकदा पैसे भरायचे आणि मग त्या पैशाची बक्षिसे मिळवायला रोज येऊन नेमून दिलेली कामे करायची. नाही आलात तर बक्षिसे बुडाली. आपल्या जिल्ह्यातला माणूस हे लगेच ओळखेल. मुकादम उचल देतो आणि कोयत्याला सहा महिने बांधून घेतो. इथे उलटे आहे. इथे पोर स्वतःच उचल देते आणि स्वतःच बांधले जाते.

शेतकरी बंधूंना एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २००९ साली झिंगा नावाच्या अमेरिकी कंपनीने फेसबुकवर फार्मव्हिल हा खेळ काढला. खेळ शेतीचाच. नांगरायचे, पेरायचे, काढायचे. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. पण वेळेवर परत येऊन काढली नाही तर पीक वाळून जायचे. शहरातली कोट्यवधी माणसे, ज्यांनी कधी ढेकूळ फोडले नाही ती, पीक वाळेल म्हणून रात्री उठून बसू लागली. काम लवकर व्हावे, शोभेचे कुंपण मिळावे म्हणून खरे पैसे देऊ लागली. इकडे खरी तूर वाळते तेव्हा कुणी उठून बसत नाही, पण ते जाऊ द्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो खेळ बंद झाला. त्यात घेतलेल्या गाई-म्हशी, कुंपणे, झाडे सगळे गेले. ना सातबारा, ना पंचनामा. विकत घेतलेली ती वस्तू घेणाऱ्याची कधीच नव्हती. ती कंपनीच्या घरात, कंपनीच्या मर्जीवर ठेवलेली असते.

कायद्याचे म्हणाल तर इथे लोकांची गल्लत होते. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर विधान परिषदेत रमी दिसल्याची चित्रफीत गावोगाव फिरली. आपण खेळत नव्हतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले. यावर आमच्यासारख्या खात्यातल्या माणसाने अधिक बोलू नये. पण तेव्हापासून पारावर 'ऑनलाईन खेळ' म्हटले की रमीच समजतात. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, म्हणजे रमी, पैशावरचे क्रिकेट संघ वगैरे. आबांच्या नातवाने पैसे लावले नव्हते, कपडे घेतले होते. ती साधी खरेदी धरली जाते. त्यामुळे सरकारने जुगार बंद केला, आता काळजी नाही, असे कुणी समजू नये.

बंदीचाही अनुभव आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झाला, दुसऱ्या नावाने २०२१ मध्ये आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, त्याचाच 'मॅक्स' भाऊ चालू राहिला. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या पोरांना आठवड्यात तीनच तास खेळायचे, असा नियम केला. अमेरिकेत फोर्टनाइट खेळाच्या कंपनीवर ठपका आला की एका बटणावर पैसे कापले जातात, आईबापाला विचारले जात नाही. २०२२ मध्ये त्या कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरायचे कबूल केले, त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते. तिथल्या शिकल्यासवरल्या घरांतही हेच चालले होते, तेव्हा आपल्या आबांनी फार लाजायचे कारण नाही.

लाज वाटायची तर थोडी आम्हालाही वाटली पाहिजे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. मग शेतकरी ओळख क्रमांक, केवायसी. 'मोबाईल घ्या, मोबाईल घ्या' म्हणून गावोगाव सांगत फिरलो ते आम्हीच. आबांना वाचता येत नाही, म्हणून यूपीआय नातवाने जोडले, पिनही त्यानेच ठरवला. त्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक, मी, कुणीच विचारले नाही की पिन कुणाजवळ राहणार.

माझे स्पष्ट मत असे की पोराच्या हातून मोबाईल हिसकावणे हा अर्धाच इलाज आहे, आणि मारणे हा इलाजच नाही. आई-बाप सहा महिने कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. घरात म्हातारा-म्हातारी. संध्याकाळी सातनंतर त्याच्याशी बोलणारे कोण? त्या खेळात चार पोरे त्याला नावाने हाक मारतात. 'भिकारी' म्हणू नये म्हणून त्याने सहा हजार घातले. गावात त्याला कुणी नावाने हाक मारली असती तर किती घातले असते, याचा हिशेब ग्रामसभेने करावा. शाळेमागचे पटांगण काटेरी बाभळींनी भरलेले आहे. ते साफ करून कबड्डीची आखणी करायला किती खर्च येतो? सामन्यात पोरांची नावे भोंग्यावरून पुकारा. आहेराची पुकारता तशीच.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हप्ता येतो ते खाते आणि मोबाईलला जोडलेले खाते वेगळे ठेवा. जोडलेल्या खात्यात पाच-सातशेच्या वर ठेवू नका. पिन ज्याचे खाते त्यालाच माहीत हवा. चार आकडे नाहीतर सहा, अक्षर न येणारालाही पाठ होतात. प्ले स्टोअरमध्ये दर खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती शाळेतल्या सरांकडून चालू करून घ्या. पैसे कटले तर उशीर करू नका. पहिल्या ४८ तासांत परताव्याची मागणी प्ले स्टोअरवरच करता येते. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. खरोखर चोरीच असेल तर १९३०. आबांचे तीन महिने उलटून गेले होते, त्यांचे परत आले नाहीत.

गोणपाट उघडायला मी पुढच्या आठवड्यात गेलो तर आबा पुन्हा हजर. घरचेच बियाणे होते, शंभरातले ७४ दाणे उगवले होते, म्हणजे विकतची बॅग घ्यायची गरज उरली नाही. नातूही आला होता, मोजायला तोच बसला. मोजून झाल्यावर आबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सायब, त्यो कोट पुन्हा इकता येतो का हो कुणाला?"

नाही येत, म्हणालो.