थर्मामीटर सावलीत, इंजिन उन्हात

दोस्तांनो, या वेळची सुरुवात राजूरहून आलेल्या एका पत्रानं. राजूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं गाव. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्यामुळे ओळखलं जाणारं. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. ती लिहिते :

"आमच्या बाबांची पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी आहे. ते ती भाड्यानं चालवतात. मे महिन्यात गाडी अगदी दम टाकते. थोडा वेळ उभी करून पुन्हा काढली की जास्तच. मेकॅनिककाकांनी स्कॅनर लावला, तर इंजिनात जाणारी हवा ६५ अंश दाखवत होती. बाहेर तेव्हा ४५ होतं. काका म्हणाले, 'भाऊ, हा सेन्सरच चुकीच्या जागी हाय. याले समोर जाळीमागं लावून देऊ. गार वारा लागला की गाडी पळते मंग.' बाबा रविवारी ते करून घेणार आहेत. पण मला कळत नाही, वारा सेन्सरला लागेल. इंजिनला कसा लागेल?"

शाब्बास! निम्मं उत्तर तर प्रश्नातच आहे. रविवार जवळ होता, म्हणून अंक छापून व्हायची वाट न बघता मी तिच्या बाबांना फोनच केला. बोलणं बरंच झालं. ते इथं सगळ्यांसाठी सांगतो.

आधी हा सेन्सर म्हणजे काय ते बघू. एवढासा मणी असतो, थर्मिस्टर नावाचा. गार असला की विजेला जास्त अडवतो, गरम झाला की कमी. एका नेहमीच्या प्रकारात २० अंश सेल्सिअसला त्याचा रोध सुमारे २५०० ओहम असतो आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास उतरतो. गाडीचा छोटा संगणक हा रोध मोजतो आणि त्यावरून हवा किती गरम आहे ते ठरवतो. मण्याला याहून जास्त काही कळत नाही. तो जिथं बसवलाय तिथली गोष्ट सांगतो, बस्स.

आता संगणकाला ही उठाठेव कशाला हवी? कारण गरम हवा विरळ असते. तिच्या तेवढ्याच घोटात प्राणवायू कमी येतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी तर पेट्रोलही कमी टाकायला हवं. पूर्वीच्या कार्बोरेटरला हे तापमान कळत नसे. इंजेक्शनच्या गाड्यांत ते कळू लागलं. १९६७ साली फोक्सवॅगनच्या एका मोटारीत बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक नावाची यंत्रणा आली, तिच्यातही हवेचं तापमान मोजणारा सेन्सर होता.

चला, राजूरच्या गाडीचं गणित करू. विज्ञानाच्या हिशेबात अंशांमध्ये २७३ मिळवायचे. ६५ चे झाले ३३८, ४५ चे झाले ३१८. भागाकार केलात तर १.०६ येतो. म्हणजे आत खरोखर ६५ अंशांची हवा जात असताना सेन्सर समोर बसून "४५, ४५" सांगू लागला, तर संगणक शंभराच्या जागी सहा भाग पेट्रोल जास्त ओतणार. पुढं धुराड्यात प्राणवायू तपासणारा आणखी एक सेन्सर असतो. तो म्हणतो, "अरे, पेट्रोल जास्त झालं," आणि संगणक ते कमी करतो. म्हणजे साध्या चालीत फायदा शून्य. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत हा दुसरा सेन्सर बाजूला राहतो. तेव्हा जास्तीचं पेट्रोल तसंच जातं. खिशातून, अर्थात बाबांच्या.

पेट्रोलचं एक वेळ सोडा, खरी भीती ठिणगीची. हवा गरम असली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वेळेआधीच भडकायला बघतं. म्हणून संगणक गरम हवेत ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्याला हवा गार आहे असं वाटलं, तर तो उशीर करणार नाही. मग चढावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, इंजिनात टकटक सुरू होते. तिलाच नॉकिंग म्हणतात. काही इंजिनांवर ही टकटक ऐकणारा वेगळा सेन्सर असतो, सगळ्यांवर नसतो. फार दिवस असंच चाललं तर पिस्टन खराब होतो. ज्या घराचा रोजचा खर्च त्या गाडीवर चालतो, तिथं इंजिन उघडावं लागणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

बाजारात याच कल्पनेवर 'ताकद वाढवणाऱ्या चिप' विकतात, बरं का. बऱ्याचदा आत साधा एक रेझिस्टर निघतो! तो संगणकाला कायम "हवा गार आहे" असं सांगत बसतो.

मग मेकॅनिककाका अगदीच चुकले का? नाही हो. सेन्सर धातूच्या गरम भागावर बसवलेला असला, तर गाडी उभी राहिल्यावर तो भाग सेन्सरलाही शेकतो. पुन्हा सुरू करताना तो हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. हवा मात्र इतक्या वेगानं जाते की तिला तेवढं तापायला वेळच मिळत नाही. काही जण म्हणून सेन्सर फिल्टरच्या पुढच्या नळीत सरकवतात आणि तिथं तो काही वेळा जास्त खरं बोलतो. पण कंपनीनं संगणकात भरलेले तक्ते जुन्या जागेवरचे आकडे धरून केलेले असतात. त्या जागेची थोडी खोटी सवयसुद्धा त्यांत जमेला धरलेली असते. जागा बदलली की तक्तेही बदलायला हवेत. टर्बो बसवला तर मात्र सेन्सरची जागा बदलावीच लागते. टर्बोनं दाबलेली हवा शंभर अंशांवर जाऊ शकते, आणि टर्बोच्या आधी बसलेल्या सेन्सरला त्याचा पत्ताही नसतो.

आणि जुन्या जागेचं भोक? ते नीट बंद केलं नाही तर इंजिन तिथूनही हवा ओढणार, तीही न गाळलेली. राजूरच्या रस्त्यावर ती हवा म्हणजे चुना नि कोळशाची धूळ!

फोनवर मी एवढंच सुचवलं की सेन्सर खोटं बोलतोय असं धरण्याआधी तो खरं बोलतोय का ते बघा. रविवारी काकांनी बॉनेट उघडलं. समोरून वारा ओढणारी नळी फिल्टरच्या डब्यापासून निसटून खाली लोंबत होती. म्हणजे गाडी बाहेरची हवा घेतच नव्हती, बॉनेटखालची तापलेली हवा पीत होती. फिल्टर तर पांढराफटक झाला होता. सेन्सर बिचारा इतके दिवस तेच सांगत होता. नळी क्लिपनं घट्ट बसवली, फिल्टर बदलला आणि रस्त्यावर गाडी काढल्यावर स्कॅनरवरचा आकडा चांगलाच खाली आला. सेन्सर आपल्या जागेवरच आहे. मेकॅनिककाका आता प्रत्येक गाडीची नळी आधी बघतात, असं मैत्रिणीनं कळवलंय.

थर्मामीटर कुठं ठेवायचा हा प्रश्न हवामानखात्यालाही पडला होता. हे खातं १८७५ मध्ये सुरू झालं आणि १९२८ मध्ये त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुण्यातल्या त्या चौकाला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात! खात्याचे थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेले असतात. ऊन लागू नये पण वारा लागावा, म्हणून. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरनं तयार केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन त्याचाच मुलगा. चुनखडी भाजायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तशा भट्टीशेजारी थर्मामीटर टांगून कुणी 'राजूरचं आजचं तापमान' सांगितलं तर?

हे घरी करून बघा. खोलीतला साधा थर्मामीटर घ्या, तापाचा नको, तो फुटेल. दुपारी एकाच तासात तो चार ठिकाणी दहा-दहा मिनिटं ठेवा : टिनाच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून, कडुनिंबाच्या सावलीत टांगून आणि माठाशेजारी. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ठेवायचा असेल तर मोठ्या माणसाला सांगा, स्वतः हात घालू नका. आकडे पाठवताना गावाचं नाव, वेळ आणि वारा होता की नव्हता, हे तिन्ही लिहा. मागच्या वेळी अर्ध्या पत्रांत वेळच नव्हती.