श्वार्बरला दोष देऊ नका, पिचर कमी करा

काइल श्वार्बर २०२३च्या मोसमात ७२० वेळा बॅट घेऊन उभा राहिला. त्यात २१५ वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, १२६ वेळा चार बॉल सोडून देऊन पहिल्या बेसवर चालत गेला आणि ४७ वेळा त्याने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. बेरीज ३८८. निम्म्याहून जास्त वेळा जे काही घडलं ते पिचर, कॅचर आणि बॅटर या तिघांतच घडलं. बाकीचे सात क्षेत्ररक्षक उभे होते. श्वार्बरची बॅटिंग सरासरी, म्हणजे चेंडू मारून बेस गाठण्याचं प्रमाण, होती ०.१९७. तरीही फिलाडेल्फिया फिलीजचे मॅनेजर रॉब थॉमसन यांनी मोसमाचा बराच काळ त्याला पहिल्या क्रमांकावर खेळवलं. त्या जागी पूर्वी चपळ, चिवट, एकेक बेस मिळवणारा खेळाडू असायचा.

मी फिलाडेल्फियाच्या पलीकडे, नदी ओलांडून न्यू जर्सीत राहतो. नोकरी संख्याशास्त्रज्ञाची होती, औषध कंपनीत. आता निवृत्त आहे. स्टेडियममध्ये गेलो की पेन्सिल आणि स्कोअरकार्ड हातात असतं. श्वार्बर बाद होऊन परत फिरला की आजूबाजूची माणसं करवादतात: इतके पैसे घेतो, बॅट तरी लावायची! मला हे ऐकवत नाही. या माणसावर अन्याय होतो आहे, आणि ज्या दुखण्यासाठी त्याला बोल लावले जातात ते दुखणं त्याचं नाहीच.

आधी त्या ०.१९७चं बघू. बॅटिंग सरासरीत ते चालत जाणं, म्हणजे वॉक, धरतच नाहीत, जणू ती वेळ आलीच नाही. वॉक धरला तर श्वार्बर त्या वर्षी दर हजारात ३४३ वेळा बेसवर पोचला. सगळ्या मेजर लीगची सरासरी ३२० होती. १०८ वेळा तो स्वतः धाव पूर्ण करून आला, १०४ धावा त्याच्या बॅटमुळे आल्या. चौथा बॉल सोडणं हे काही नशिबाचं दान नव्हे. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात समोर येतो. तो प्लेटच्या कडेवरून जाणार की दोन बोटं बाहेरून, हे ओळखून बॅट रोखून धरायची. हे ज्याला वर्षात १२६ वेळा जमतं त्याची नजर साधी नाही.

आता स्ट्राइकआउट. पहिल्या बेसवर आपला माणूस आहे आणि बॅटरने कसाबसा चेंडू शॉर्टस्टॉपकडे ढकलला. शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसकडे फेकतो, तिथून चेंडू पहिल्याकडे जातो आणि एका फटक्यात दोघं बाद. स्ट्राइकआउटमध्ये एकच गेला असता. सगळा हिशोब मांडला तर स्ट्राइकआउट आणि इतर प्रकारे बाद होणं यांत सरासरी फरक पडतो तो एका धावेच्या काही शतांशांचा. दिसायला मात्र स्ट्राइकआउट फार वाईट दिसतो, कारण बॅटर हवेत बॅट फिरवून एकटा परत येतो. क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा लोकांना तर ते त्रिफळा उडाल्यासारखंच वाटतं. माझ्या नातवाच्या लिटल लीगच्या सामन्यांना आमच्या भागातले मराठी आईबाप कुंपणाला टेकून ओरडतात, “नुसती बॅट लाव रे!” पोरगं मग डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूलाही बॅट लावायला जातं. मी नातवाला एवढंच सांगतो, वाईट चेंडू सोड, चांगला आला की जीव तोडून मार. चुकला तर चुकला.

श्वार्बरसारख्या बॅटरांचा मूळपुरुष मानतात तो रॉब डीअर. १९९१मध्ये डेट्रॉइट टायगर्सकडून त्याची सरासरी ०.१७९ होती: ८० हिट, त्यांतले २५ होम रन, शिवाय ८९ वॉक आणि १७५ स्ट्राइकआउट. पेपरात तेव्हा सरासरीच छापून यायची, त्यामुळे तो कायम चेष्टेचा विषय झाला. पण तो आधी जिथे खेळायचा त्या मिलवॉकीत कोणालाही विचारा. १९८७चा ईस्टरचा रविवार. तिथले ब्रूअर्स मोसमाच्या सुरुवातीपासून एकही सामना हरलेले नाहीत, आणि टेक्सासविरुद्ध नवव्या इनिंगला ते ४-१ असे मागे. डीअरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी केली, मग डेल स्वेमच्या होम रनने ६-४ असा सामना जिंकला. तो सलग बारावा विजय. त्याच वर्षी डीअर १८६ वेळा स्ट्राइकआउट झाला होता. तो फटका आणि ते १८६ एकाच बॅटमधून आले. बॅट आवरती घेतली असती तर दोन्ही गेलं असतं.

फिलाडेल्फियाच्या लोकांनी तर हे विसरूच नये. माइक श्मिट १९७३च्या मोसमात इथे ०.१९६ सरासरीने खेळला आणि १३६ वेळा स्ट्राइकआउट झाला. पुढच्याच वर्षी त्याने ३६ होम रन मारले, लीगमध्ये सर्वांत जास्त; स्ट्राइकआउट मात्र १३८. म्हणजे स्ट्राइकआउटचा आकडा कमी झालाच नाही, त्याला शिकायला वेळ मिळाला. निवृत्त झाला तेव्हा ५४८ होम रन, १,५०७ वॉक, १,८८३ स्ट्राइकआउट आणि तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. या शहराने त्याची वर्षानुवर्षं हुर्यो उडवली आणि आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. श्वार्बरने २०२५मध्ये ५६ होम रन मारले, तेव्हा त्याच्या नावाने टाळ्या पडल्या. २०२३मध्येही तो याच पद्धतीने खेळत होता.

एक गोष्ट मला खुपते, ती मी लपवणार नाही. स्कोअरकार्डवर क्षेत्ररक्षकांना आकडे असतात. शॉर्टस्टॉप ६, दुसरा बेस ४, पहिला ३. म्हणून मघाच्या त्या दुहेरी बळीची नोंद ६-४-३ अशी होते. मला बेसबॉल आवडला तो त्या तीन आकड्यांमुळे: शॉर्टस्टॉपचं झेपावणं, दुसऱ्या बेसवरच्या गड्याचं अंगावर येणाऱ्या रनरला चुकवत फेकणं. हल्ली माझ्या कार्डावर अशा नोंदी विरळ झाल्या आहेत आणि स्ट्राइकआउटचे ‘के’ भरभरून आहेत. १९८०मध्ये एका संघाचे सामन्याला साधारण ४.८ स्ट्राइकआउट व्हायचे, २०१९मध्ये ८.८. २०१८ हे पहिलं वर्ष, जेव्हा मोसमात हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले: ४१,०१८ हिट, ४१,२०७ स्ट्राइकआउट. खेळ यात काहीतरी गमावतो आहे, यात शंका नाही.

पण हे केलं कोणी? पिचरांचं बघा. १९७२मध्ये याच फिलीजच्या स्टीव्ह कार्लटनने ३० सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. आज तीसही संघांचे मिळून मोसमभरात जेमतेम तेवढे होतात. कार्लटनला तोच बॅटर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा समोर दिसायचा, त्यामुळे दम राखून टाकणं भाग होतं. आताचा पिचर पाच-सहा इनिंग्ज पूर्ण ताकदीने टाकून बसतो, आणि मग एकामागून एक ताजे पिचर एकेक इनिंग जीव खाऊन टाकायला येतात. अशा माऱ्यासमोर ओळीने तीन हिट जमवणं जवळपास अशक्य. एकच चेंडू पकडून लांब मारायचा, हाच शहाणपणाचा डाव उरतो. श्वार्बर तोच खेळतो.

२०२३मध्ये लीगने नियम केला की दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना आतल्या भागातले दोन-दोन क्षेत्ररक्षक हवेत. एका बाजूला गर्दी करणं बंद झालं. लीगची सरासरी ०.२४३वरून ०.२४८ झाली, चांगलं झालं. पण स्ट्राइकआउट सामन्याला ८.४०वरून ८.६१ झाले. क्षेत्ररक्षक हलवून पिचरचा वेग कमी होत नाही.

हात घालायचा तर संघाच्या यादीत घाला. २६ खेळाडूंत १३ पिचर ठेवता येतात. ते आधी १२ करा, दोन वर्षांनी ११. राखीव माणसं कमी झाली की सुरुवातीच्या पिचरला सातवी इनिंग टाकावीच लागेल, आणि त्यासाठी पहिल्या इनिंगपासून दम राखावा लागेल. यामुळे दुखापती वाढतील, असा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. म्हणूनच मी टप्प्याटप्प्याने म्हणतो. पण लीगच्याच डिसेंबर २०२४च्या अहवालाने कमाल वेगाचा आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण ताकदीचा हव्यास हे दुखापतींचं मोठं कारण सांगितलं आहे. आजची पद्धत तरी कोणाचं कोपर वाचवते?

असा हस्तक्षेप नवा नाही. १९६८मध्ये पिचर इतके वरचढ झाले की अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ सरासरीवर पहिला आला. तेव्हा मेजर लीगने पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, आणि १९६९मध्ये एकूण सरासरी ०.२३७वरून ०.२४८ झाली. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. त्या वाटाघाटी पगारावरून तापणारच. पिचरांच्या संख्येचा प्रश्नही त्याच टेबलावर मांडला जावा, आणि तो खेळाडूंच्या संघटनेनेच मांडावा.