सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

विम्याचे कागद तुमच्या घरात कुठे असतात, हे तुम्हाला माहीत आहे का? पांढरकवड्याला एका बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला, तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक जण म्हणाली, ‘‘कागदं त्यायच्या पेटीत राह्यते, बाई. आपल्याले काय माईत?’’ रेशनकार्ड कुठे आहे, पोरांचे दाखले कुठे आहेत, गॅसचं पुस्तक कुठे आहे, हे सगळं तिला अंधारातही सापडेल. विम्याचा कागद मात्र ‘त्यांचा’.

आणि गंमत बघा, ज्या दिवशी तो कागद लागतो त्या दिवशी ‘ते’ बहुधा नसतात. तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे, कृषी कार्यालयाच्या पायऱ्यांवर तीच उभी असते. म्हणून म्हणते मैत्रिणींनो, विमा हा विषय एजंटवर आणि नवऱ्यावर सोडण्यासारखा नाही. तो काही फार कठीणही नाही. विमा म्हणजे एक करार आणि त्याचे चार-पाच जुने नियम. बाकी सगळा बारीक अक्षरांचा पसारा.

पहिला नियम असा की, ज्या गोष्टीच्या नुकसानीनं तुम्हाला खरोखर झळ बसते, तिचाच विमा तुम्हाला काढता येतो. शेजारणीच्या घराचा विमा तुम्ही काढू शकत नाही. ऐकायला हे सरळ वाटतं. पण झळ बसते म्हणजे काय, आणि ती कागदावर सिद्ध कशी करायची? इथेच बाई अडते.

आपल्या केळापूर तालुक्याचंच घ्या. कपाशीची वेचणी कोण करतं? निंदण कोण करतं? साप चावला तर कुणाला चावतो, वीज पडली तर कुणावर पडते? तरीही राज्य सरकारचा शेतकऱ्यांसाठीचा अपघात विमा वर्षानुवर्षं फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारालाच होता. २०१५-१६ पासून त्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना असं नाव मिळालं आणि मृत्यूसाठी दोन लाख रुपये ठरले. सातबारा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. म्हणजे तीस वर्षं त्याच मातीत राबलेली बाई शेतात सर्पदंशानं गेली, तर कागदाच्या दृष्टीनं ती शेतकरीच नव्हती!

२०१९ साली सरकारनं नियम बदलला. खातेदारासोबत कुटुंबातल्या आणखी एका, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या व्यक्तीला संरक्षण मिळालं. बरं झालं. पण एकच व्यक्ती का? सासू, सून, घरची लेक अशा तिघी-चौघी एकाच तासात वाकून वेचत असतात. त्यांच्यातली कोण ‘ती एक’? आणि जिच्या घरी सातबाराच नाही, जी दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं जाते, तिचं काय? त्या योजनेत तिला जागाच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, ही मागणी आजची नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. पुढे १९९२ साली सरकारनंही त्या नावाची योजना केली. २००३ साली ‘घर दोघांचे’ म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरलं. तुमच्या घराच्या नमुना आठवर तुमचं नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन एकदा बघाच. पुढे विमा, कर्ज, वारसा सगळ्यालाच तो कागद लागतो.

दुसरी गोष्ट कारणाची. नुकसान झालं एवढं पुरत नाही, ते कशानं झालं यावर विमा ठरतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याइतकं हे कुणाला कळणार? २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात, तो योजनेत बसतो. आत्महत्या बसत नाही. विष दोन्हीकडे तेच, पण एका शब्दानं दोन लाखांचा फरक पडतो. घरात माणूस गेलेला असताना पंचनाम्यात कोण काय लिहितंय, याकडे बाईचं लक्ष नसतं, ते साहजिकच आहे. म्हणून भावानं, दिरानं, गावातल्या शिकल्यासवरल्या मुलीनं तिथे उभं राहावं. पंचनामा, शवविच्छेदन, दवाखान्यातली पहिली नोंद हे तीन कागद नंतर बदलत नाहीत.

तिसरं म्हणजे खरं बोलणं. विम्याचा करार इतर करारांपेक्षा वेगळा असतो. विमा काढणाऱ्यानं आपल्याकडची महत्त्वाची माहिती न विचारताही सांगायची, असा त्याचा पाया आहे. घरात दुकान आहे, माडीवर कापूस साठवतो, हे फॉर्मवर लपवलं तर आग लागल्यावर कंपनी हात वर करू शकते. आपल्याकडे होतं काय, की एजंट म्हणतो, ‘‘वहिनी, इथे सही करा, बाकी मी भरतो.’’ कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. फॉर्ममध्ये चुकीचं लिहिलं गेलं, तर भोगायचं सही करणाऱ्यालाच आहे.

पण खरेपणा काही एकट्या ग्राहकानंच पाळायचा नसतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. दुकान तळघरात. विमा देण्याआधी कंपनीच्या माणसानं येऊन ते पाहिलेलं. हप्ते घेतले. आग लागल्यावर मात्र कंपनी म्हणाली, आमच्या अटीप्रमाणे तळघराला विमा लागू नाही. न्यायालयानं हे मान्य केलं नाही. तळघरातल्या दुकानाचाच विमा विकायचा आणि त्याच तळघराचं कारण सांगून पैसे नाकारायचे, हे चालणार नाही. जी अट ग्राहकाला सांगितलीच नाही, तिच्या आड लपता येणार नाही.

आता पैशाचं. घराचा, दुकानाचा विमा नुकसान भरून देतो, त्यातून नफा होत नाही. दोन कंपन्यांकडे विमा काढला म्हणून जळालेल्या घराचे दुप्पट पैसे मिळत नाहीत. माणसाच्या अपघाताचं वेगळं, कारण जिवाची किंमत मोजता येत नाही, म्हणून तिथे रक्कम आधीच ठरवतात. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. आग, वीज, वादळ, पूर त्यात येतात. जागेची किंमत धरायची नाही, पुन्हा बांधायला लागणारा खर्च धरायचा. घरासोबत घरातल्या सामानालाही इमारतीच्या विम्याच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. माहेरचं सोनं मात्र त्यात धरलेलं नसतं, ते वेगळं मागून घ्यावं लागतं. आणि घर तुमच्या नावावर नसलं, तरी तुमच्या सामानाचा विमा तुम्ही काढू शकता. भाड्यानं राहणारीसुद्धा.

दावा नाकारला तर? कंपन्यांवर देखरेख ठेवणारं विमा नियामक प्राधिकरण १९९९ च्या कायद्यानं आलं. त्याचं मुख्यालय हैदराबादला, म्हणजे आपल्या पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग सरळ तिकडेच जातो. पण तिथवर जायची गरज नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील नाही. फक्त वर्षाच्या आत जायचं. कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणानं खरा दावा फेटाळू नये, असं नियामकानं २०११ सालीच कंपन्यांना बजावलं आहे. हे वाक्य तक्रारीत जरूर लिहा.

शेतकऱ्यांच्या अपघात विम्यात मात्र २०२३ साली सरकारनं कंपन्यांना बाजूला केलं. कंपन्या वेळेत मंजुरी देत नाहीत, नको त्या त्रुटी काढतात, असं सरकारनंच म्हटलं. आता दोन लाख रुपये थेट सरकार देतं आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत करायचा. बाळंतपणातला मृत्यूही त्यात आला. त्रास कमी झाला असेल तर आनंदच आहे. पण नाव बघा, ‘सानुग्रह अनुदान’. विमा होता तेव्हा करार होता. कितीतरी विधवांनी ग्राहक मंचात जाऊन तो पैसा हक्कानं वसूल केला. अनुग्रहाला हक्काचं बळ कुठून येणार? मला तरी करारच बरा वाटतो, कंपनीला नीट वठणीवर आणून.

आणि जिला सातबाराच नाही, तिच्यासाठी सध्या बँकेतली सुरक्षा विमा योजना उरते. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय अठरा ते सत्तर. खातं तिचं स्वतःचं हवं, नवऱ्याचं चालत नाही. हप्ता आधी, संरक्षण नंतर हा विम्याचा कायदाच आहे. वीस रुपये मे महिन्याच्या शेवटी कापले जातात आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे मजुरी नसते, होतं ते बियाण्यात गेलेलं असतं. खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता चुकला, तर ते समजतही नाही. जूनमध्ये पासबुक भरून घ्या. वीस रुपये कापलेले दिसले नाहीत, तर त्याच दिवशी बँकेत पुन्हा फॉर्म भरून पैसे जमा करता येतात.