बंद पडलेलं यंत्र चालू करणारा हुनर



"मुलगा दहावी झाला. घरातला पंखा, मिक्सर सगळं उघडून बसतो. पण फिटर झाला तर लोक काय म्हणतील?" दहावीच्या निकालानंतर पालकांकडून हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते.

लोकांचं बाजूला ठेवू या. साखर, सिमेंट, औषधं, कुठलाही कारखाना घ्या. मुख्य पंपाचं बेअरिंग गेलं की सगळी लाइन थांबते. तेव्हा मॅनेजरपासून मजुरापर्यंत सगळे ज्याची वाट बघतात, तो मेंटेनन्स फिटर. परदेशात त्याला मिलराइट म्हणतात. मिल म्हणजे गिरणी आणि राइट म्हणजे घडवणारा कारागीर. पाणचक्क्या, पवनचक्क्या बांधणाऱ्यांचं हे जुनं नाव. नवं यंत्र पायावर बसवणं, लेव्हलमध्ये आणणं, मोटरशी जोडणं आणि बिघडलं तर उघडून दुरुस्त करणं, हे त्याचं काम.

आपल्याकडे याचा रस्ता आयटीआयमधून जातो. गणित-विज्ञान घेऊन दहावी पास झालेल्याला फिटर किंवा मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स या दोन वर्षांच्या ट्रेडला अर्ज करता येतो. मुलीही हे ट्रेड घेऊ शकतात. सरकारी आयटीआयची फी कॉलेजच्या मानाने फारच कमी असते. खासगी संस्था असेल तर त्या ट्रेडला सरकारी मान्यता आहे का, हे प्रवेशाआधीच बघा.

सुरुवातीचे महिने कंटाळवाणे वाटतात. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून मापात आणायचा, चुकला की पुन्हा नवा तुकडा. मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटरपर्यंत वाचायला शिकतात. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड असतो! ही बारकाई पुढे उपयोगी पडते. मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसले की यंत्र थरथरतं, बेअरिंग तापतं आणि लवकर जातं. डायल गेज लावून तो फरक शोधणं आणि पायाखाली पातळ पत्रे, म्हणजे शिम, घालून तो काढणं ही या कामातली खरी परीक्षा. बेअरिंगही हातोड्याने ठोकून बसवत नाहीत. बहुतेक वेळा योग्य तापमानाला गरम करून शाफ्टवर सरकवतात.

आता पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आयटीआय झालं की लगेच मिळेल त्या पगारावर मुलाला पाठवण्याची घाई करू नका. आधी कारखान्यात एक वर्षाची अप्रेंटिसशिप करू द्या. विद्यावेतन मिळतं, पण ते थोडं असतं आणि घरची ओढाताण मला ठाऊक आहे. तरीही चालू कारखान्यातला बिघाड वर्गात शिकता येत नाही. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतून मुलं आखातात जातात. तिथली कंपनी ट्रेड टेस्ट घेते. हातात कसब नसलेला मुलगा हेल्पर म्हणून जातो आणि बरेचदा हेल्परच राहतो.

पुढे शिकायचं असेल तर दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. म्हणजे दार बंद होत नाही.

एक गोष्ट मुलाला पहिल्या दिवसापासून सांगा. यंत्रात हात घालण्याआधी वीज बंद, स्विचला स्वतःचं कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. सुपरवायझर कितीही घाई करो, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, अंगठी हेही बाहेर ठेवायचं.

प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरतात. त्याआधी मुलाला घेऊन जवळच्या आयटीआयचं वर्कशॉप एकदा बघून या. यंत्रं चालू आहेत का, मुलांच्या हातात हत्यारं आहेत का ते पाहा. मग घरी बसून ठरवा, आणि ठरवताना मुलालाही बोलू द्या.