बर्टल्समान : दोन सत्यांमधला एक ‘म्हणून’

१/ जर्मनीतील ग्यूटर्सलो या लहानशा शहरात मुख्यालय असलेला बर्टल्समान हा आज जगातील मोठ्या माध्यमसमूहांपैकी एक. ‘पेंग्विन रँडम हाउस’ ही प्रकाशनसंस्था पूर्णतः त्याच्या मालकीची आहे. युरोपातील ‘आरटीएल’ या दूरचित्रवाणी समूहातही त्याचाच वाटा सर्वांत मोठा. या समूहाने सुमारे अर्धशतक स्वतःविषयी सांगितलेली एक कथा आणि तिची झालेली तपासणी, हा या धाग्याचा विषय.

२/ कार्ल बर्टल्समान यांनी १८३५ साली ही संस्था स्थापन केली. प्रोटेस्टंट भाविकांसाठी स्तोत्रसंग्रह व धार्मिक पुस्तके छापणे हा तिचा मूळ व्यवसाय. १९२१ साली सूत्रे घराण्याच्या जावयाचे पुत्र हाइनरिश मोन यांच्या हाती आली. नाझी राजवटीचा संपूर्ण काळ संस्थेने त्यांच्याच कारभारात काढला.

३/ १९४५ साली जर्मनीचा पाडाव झाला. ग्यूटर्सलो ब्रिटिश अमलाखालील विभागात आले आणि पुस्तके छापण्यासाठी विजेत्यांचा परवाना आवश्यक ठरला. अशा वेळी निष्कलंक भूतकाळ हे मोठेच भांडवल होते. संस्थेची कथा अशी : आम्ही नाझींना नकोसे असलेले धर्मविषयक ग्रंथ छापत राहिलो, म्हणून १९४४ साली त्यांनी आमचे प्रकाशन बंद पाडले.

४/ या कथेतील दोन्ही घटना खऱ्या आहेत. चर्चच्या कारभारातील नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या ‘बेकेनेंडे किर्खं’ या प्रवाहाशी मोन यांचा संबंध होता आणि संस्था धर्मशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध करीत होती. १९४४ साली प्रकाशनगृह बंद झाले, हेही खरे. खोटा होता तो या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’.

५/ १९८३ साली याच समूहाच्या छत्राखालील ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या तथाकथित रोजनिश्या प्रसिद्ध केल्या. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने कागदाची तपासणी करून अवघ्या काही दिवसांत त्या बनावट ठरवल्या. समूहाच्या स्वतःच्या कथेला मात्र अशी कसोटी लागण्यास आणखी पंधरा वर्षे जावी लागली.

६/ १९९८ साली बर्टल्समानने अमेरिकेतील ‘रँडम हाउस’ विकत घेतले. ज्यू कुटुंबांत जन्मलेल्या दोन तरुणांनी, बेनेट सर्फ व डोनाल्ड क्लॉप्फर यांनी, १९२७ साली उभारलेली ही संस्था. त्या वर्षी समूहाचे प्रमुख थॉमस मिडेलहॉफ यांनी तीच जुनी प्रतिकारकथा जाहीरपणे पुन्हा सांगितली. तिला आव्हान दिले ते हेर्श फिशलर या बाहेरच्या अभ्यासकाने.

७/ वाद वाढल्यावर समूहाने स्वतंत्र इतिहासकारांचा आयोग नेमला. अध्यक्षस्थानी होते शाउल फ्रीडलेंडर. त्यांचे आई-वडील आउश्विट्झ येथे मारले गेले होते. ते स्वतः फ्रान्समधील एका कॅथलिक शाळेत लपून वाचले होते.

८/ ऑक्टोबर २००२ मध्ये अंतिम अहवाल आला. युद्धकाळात जर्मन सैन्यासाठी पुस्तके पुरवणाऱ्या प्रकाशकांत बर्टल्समान अग्रस्थानी होते. प्रतींची संख्या सुमारे १ कोटी ९० लाख. नाझी पक्षाचे स्वतःचे प्रकाशनगृहही त्याच्या मागे होते. यादीत ज्यूद्वेष्टा मजकूरही होता. हाइनरिश मोन एसएस संघटनेला नियमित देणगी देणाऱ्या सदस्यांपैकी होते. ही गोष्ट त्यांनी ब्रिटिशांपासून दडवली आणि ती उघड झाल्यावर १९४७ साली कारभार पुत्र राइनहार्ड यांच्याकडे सोपवला.

९/ मग १९४४ ची बंदी? त्या वर्षी कागदाच्या गैरव्यवहारावरून संस्थेविरुद्ध कारवाई सुरू होती आणि सर्वंकष युद्धाच्या धोरणाखाली देशभरातील अनेक प्रकाशनगृहे बंद केली जात होती. त्यात वैचारिक प्रतिकाराची शिक्षा नव्हती.

१०/ अशी कथा रचायला कोणी मोठा कारस्थानी लागत नाही. अनुकूल ते आठवणीत ठेवले जाते, प्रतिकूल ते दप्तरात पडून राहते. पुढची पिढी ऐकलेले प्रामाणिकपणे सांगते. प्रतिकाराची कथा सांगणाऱ्या संचालकांना आपण खोटे बोलत आहोत असे वाटलेच नसेल, हेही शक्य आहे. पण पडताळणी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना ही सबब शोभत नाही.

११/ यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला : गुन्हेगार पिढी गेली, आता उकरून काय साधणार? परंतु त्या काळी छापलेल्या पुस्तकांच्या नफ्यावर संस्था वाढली आणि त्या कथेची प्रतिष्ठा १९९८ पर्यंत वापरली गेली. लाभ चालू असताना हिशेब मिटला असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप : आयोग ही केवळ प्रतिमा सावरण्याची युक्ती होती. दडपण बाहेरून आले, हे निर्विवाद. तरीही दप्तर परक्या इतिहासकारांना खुले झाले, प्रतिकूल निष्कर्ष समूहाच्याच प्रकाशनगृहाने ग्रंथरूपात छापले आणि खेदही व्यक्त झाला. हेतू काहीही असो, कृतीचे मोल कमी होत नाही.

१२/ शासनाकडे कागदपत्रांची मागणी करणारी माध्यमे स्वतःचे वर्धापनदिन मात्र गौरवांकांनी साजरे करतात. त्या अंकांतील इतिहास संस्थेच्याच पगारावरील लेखणीने लिहिलेला असतो. बर्टल्समानच्या प्रकरणाने एक साधी कसोटी घालून दिली : दप्तर बाहेरच्या अभ्यासकाला खुले आहे काय, आणि त्याचा मजकूर मालकाच्या पूर्वसंमतीविना छापला जाईल काय? या दोन प्रश्नांना होकार मिळेपर्यंत कोणत्याही माध्यमसमूहाची शौर्यगाथा ही पक्षकाराची कैफियत म्हणूनच वाचावी.